लेकीच्या घरची कॉफी

कुडाळात आता दोन मोठ्या कंपन्यांचे कॅफे आहेत. एक हायवेला, काळ्या पाटीचा. दुसरा स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याला, लाल पाटीचा. दोघांचीही दुकानं मुंबई-पुण्यात गल्लोगल्ली आहेत म्हणे, आणि इथे आल्यापासून दोघे एकमेकांवर डोळा ठेवून असतात. एकाने थंड कॉफीवर आइस्क्रीमचा गोळा घातला की थोड्याच दिवसांत दुसराही घालतो. कोणाची कॉफी बरी, हा आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीतला नेहमीचा वाद. त्यात माझा शब्द शेवटचा मानतात, कारण दोन्हीकडे माझ्याइतकी कॉफी कोणीच प्यायलेलं नाही. आवडीने प्यायले असते तर हे लिहायला बसलेच नसते. मी तिथे जायचे, कारण माझे वडील माझ्या घरी पाणी पीत नव्हते.

लग्न झालेल्या लेकीला मूल होईपर्यंत आईबापाने तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, अशी आमच्याकडे जुनी रीत आहे. आता फारसं कोणी पाळत नाही. माझे वडील पाळायचे. माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. का नाही, हे सांगायला मी कोणाला बांधलेली नाही. पण घर आहे. दोन खोल्यांचा फ्लॅट, कागदावर पहिलं नाव माझं, दुसरं नवऱ्याचं, आणि हा क्रम त्यानेच सुचवलेला. आमच्या अख्ख्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली पहिली मुलगी मी. पंचायत समितीत माझं टेबल आहे, माझ्या सहीशिवाय कागद पुढे सरकत नाही. आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या पेलाभर पाण्याला परवानगी मात्र माझ्या पोटाकडून यायची! हे कोणी ठरवलं, मला एकदा त्याचं तोंड बघायचं आहे.

वेंगुर्ल्याच्या अलीकडे आमची नारळी-पोफळीची बाग आहे. बहुतेक शनिवारी बाबा बाजाराला कुडाळात येतात. येताना माझ्यासाठी सोललेले नारळ, कोकमाच्या आगळाची बाटली, कधी जायफळं. पिशवी खांद्यावर घेऊन जिने चढायचे, दाराजवळच्या खुर्चीत बसायचे, जावयाची चौकशी करायचे. घामाने सदरा पाठीला चिकटलेला असायचा. मी पाण्याचा तांब्या पुढे केला की तो दिसलाच नाही असं दाखवून म्हणायचे, "चल गो बाय, खाली जावया. घसो सुकलो."

घसा सुकला, आणि पाणी हाताच्या अंतरावर! पण चल म्हटलं की चलायचं.

आधी आम्ही लाल पाटीच्या कॅफेत जायला लागलो. तिथे काउंटरवर नाव विचारतात आणि कागदी कपावर लिहितात. पहिल्या दिवशी काउंटरवरच्या मुलीने बाबांना हिंदीत नाव विचारलं. बाबांनी नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, वाडी सांगितली, आणि वर विचारलं, "तू खंयची गो? कोणाची?"

ती इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "मी पाटचीच, आजोबा. पण हयसर मालवणी बोलूक देणत नाय."

"देणत नाय म्हणजे? कुडाळात?"

"साहेब कॅमेऱ्यात बघतत."

बाबा छताकडे बघून मोठ्याने म्हणाले, "बघ रे मेल्या, आमी मालवणीत बोलतंव!" मुलगी हसू दाबत कपावर काहीतरी लिहायला लागली. मला मात्र हसू आलं नाही. पाट इथून किती लांब? त्या गावच्या मुलीने माझ्या बापाशी हिंदीत बोलायचं, आणि तेही अशी कॉफी विकण्यासाठी, जी इथे कोणाच्या घरात कधी झाली नाही! कॉफी आली. वर फेस, फेसावर पान काढलेलं. बाबांनी पान बघितलं, घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"कोळसो उगाळलो काय गो ह्यात?"

आमच्या घरी कॉफी म्हणजे दूध आटवून, साखर सढळ घालून, वर जायफळ किसून केलेली. पाहुणा आला की, आजारी पडलं की, रात्रीच्या भजनाला. चहा रोजचा, कॉफी मानाची. ज्याला कॉफी दिली त्याला आपण मानलं, हे न सांगता कळायचं. म्हणून तर मला जास्त लागायचं. बापाला मानाची कॉफी द्यायची, तर ती माझ्या हातची नाही. जिथे माझ्या बापाला कोणी ओळखत नाही तिथली.

मग काळ्या पाटीचा कॅफे. त्यांची कॉफी कमी कडू, हे मला मान्य आहे. खुर्च्याही पाठीला बऱ्या. पण त्यांनी 'कोकण स्पेशल' म्हणून एक प्रकार काढला, त्यात नारळाचा वास. आम्ही हौसेने मागवला. पोऱ्याने आमच्यासमोर एका बाटलीतून पातळ पाक ओतला. नारळ कुठला, तर बाटलीतला! दुकानाच्या मागच्या भिंतीला टेकून माडाचं झाड उभं आहे. बाबांनी खिडकीतून त्या माडाकडे बोट दाखवलं आणि पोऱ्याला विचारलं, "ह्यो माड काय चित्रातलो?" दोन्ही दुकानांत मला एकच गोष्ट पटली: पंखा. बाकी लाल पाटीवाले कॉफी जाळतात आणि काळ्या पाटीवाले कोकण विकतात, हे माझं मत मी ऑफिसातही सांगितलं आहे आणि आजही बदललेलं नाही.

आणि दोन्हीकडे पैसे बाबाच द्यायचे. मी पर्स उघडली की काउंटरवर माझा हात बाजूला सारायचे, तेही इतक्या जोरात की माणसं बघायची. एकदा मी चिडून म्हणाले, "मी कमावते, बाबा. एक कॉफी पाजू शकत नाही?" ते फक्त म्हणाले, "नाय." किमतीबद्दल मी इथे लिहीत नाही, नाहीतर रागाला अंत राहायचा नाही.

एका शनिवारी बाबा आले ते पिशवीतून थर्मास काढतच. आईने घरी कॉफी करून भरून दिली होती. "त्या कोळशापरीस ही बरी," म्हणत त्यांनी माझ्या कपाटातले दोन कप काढले, कॉफी ओतली आणि एक माझ्यापुढे ठेवला. माझ्या घरात, माझ्या टेबलावर, मला पाहुणचार! स्वतः दुसरा कप घेऊन खुर्चीत निवांत बसले.

"हे चालतं?" मी विचारलं.

"कॉफी आमच्या घरची. पाणी आमच्या बावडेचा."

"विहीर तुमची, पण कप माझा आहे."

"कप खंय पितंत?"

शेजारच्या खोलीतून नवरा हसला. मी हसले नाही. मी माझ्यापुढचा कप उचलला आणि तसाच थर्मासमध्ये परत ओतला. थोडी टेबलावर सांडली. मी म्हणाले, "माझ्या घरात फक्त माझी कॉफी होईल. नको असेल तर जिने चढू नका." बापाला असं बोलल्याचं वाईट वाटलं का, असं नवऱ्याने नंतर विचारलं. नाही वाटलं. बाबा थर्मास घेऊन उतरले, आणि पुढचे दोन शनिवार आले नाहीत.

तिसऱ्या शनिवारी मीच गावी गेले. उन्हातून गेले होते. आईने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"नको," मी म्हटलं.

"गूळ दिव काय?"

"काही नको. या घरात नातवंड येईपर्यंत मीही इथलं पाणी पिणार नाही."

आई तांब्या हातात धरून उभी राहिली. बाबा पडवीत सुपाऱ्या निवडत होते, त्यांनी ऐकलं. दुपार झाली, मी जेवले नाही. आईने बांगड्याचं तिखलं केलं होतं, माझ्या आवडीचं, आणि वास घरभर. मी तशीच बसले. हट्ट काय फक्त बाप्यांनी करायचा?

शेवटी बाबाच आत आले. "पोराबाळासारखा काय चल्लाहा ह्यां?"

"तुमचंच चाललंय ते."

"ता वेगळा आसा."

"काय वेगळं? मला मूल नाही म्हणून माझं घर अपवित्र?"

ते ओरडलेच. "पवित्र-अपवित्र कोण बोल्लो? पोर नसला म्हणान नाय गो! तुका कॉलेजात घातलंय तेव्हा ह्याच पडवीत बसान तुझो काको काय बोल्लो म्हायत आसा? 'चेडवाक शिकवतंस ता तिची कमाई खावक.' भावकीसमोर बोल्लो. मी सांगितलंय, तिच्या घरचो पाण्याचो थेंब घेतलंय तर बघ."

काको म्हणजे बाबांचा चुलतभाऊ, आमच्या घरामागेच राहतो. तर रीत नव्हतीच. रीतीचा फक्त आडोसा होता. मी माझ्या पोटाला दोष देत, रीतीला शिव्या देत बसले होते, आणि मुळाशी होतं, मुलीला शिकवतोस ते तिची कमाई खायला, हे एका माणसाचं पडवीतलं एक वाक्य. ज्याने स्वतःच्या मुलीला सातवीतून काढून लग्न लावून दिलं, त्या माणसाचं. त्याच्या जिभेसाठी माझा बाप माझ्या दारात घसा सुकवून बसायचा आणि परक्यांचा कोळसा प्यायचा.

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुका वायट वाटात म्हणान."

इतकं बोलून ते पुन्हा पडवीत गेले. आईने तांब्या परत पुढे केला. मी तिच्याकडे बघितलं, आणि घेतला नाही. राग आता काकाचा होता, पण मोडायचा होता तो बाबांचा शब्द. न जेवता, तहानलेली, संध्याकाळच्या एसटीने परत आले. स्टँडवर उसाचा रस प्यायले.

पुढच्या शनिवारी बेल वाजली. दारात बाबा, आणि त्यांच्यामागे काको. काकाच्या काजूच्या अनुदानाचा कागद आमच्या ऑफिसात अडकला होता, त्यासाठी तो बाबांच्या मागे लागून त्यांना माझ्याकडे घेऊन आला होता. ऑफिस बंद असतं तेव्हा घरी गाठलं की काम लवकर होतं, हे त्याला बरोबर माहीत! बाबा माझ्याकडे बघत नव्हते. नेहमीच्या खुर्चीत बसले.

काको सोफ्यावर ऐसपैस टेकला. घर बघितलं, पंखा बघितला. "बरां बांधलंस गो बाय. शिकलंस म्हणान झाला ह्यां सगळां. आमी तेव्हाच सांगितलेला, चेडवाक शिकवा." मग सदऱ्याची बटणं सोडत म्हणाला, "काय तरी दी गो प्यायला. उन्हातसून इलंव."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. त्याला आठवतही नव्हतं! ज्या वाक्यावर माझ्या बापाने वर्षानुवर्षं घसा सुकवला, ते बोलणारा विसरून गेला होता आणि माझ्या सोफ्यावर पाय पसरून पाणी मागत होता. ओठांवर आलेलं सगळं मी गिळलं, फक्त बाबा समोर होते म्हणून.

स्वयंपाकघरात जाऊन दूध ठेवलं, आटू दिलं. तीन कप भरले. एक काकाला दिला. त्याने फुंकर मारत घोट घेतला. "वा! घरासारखी आसा."

बाबा त्याच्या तोंडाकडे बघत होते. कप तोंडाला लागला, खाली आला, पुन्हा लागला. बाबांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. राग होता, आणि कोणीतरी फसवल्यासारखंही. मी दुसरा कप त्यांच्यापुढे केला. आग्रह केला नाही. त्यांनी तो घेतला आणि एका दमात अर्धा संपवला, जीभ भाजेल याचीही पर्वा न करता.

"साखर कमी पडली," ते म्हणाले.

"घालते."

मी साखर आणायला वळले तेवढ्यात काकाने रिकामा कप पुढे केला. "माका पण वायच आणखी दी गो."

"संपली," मी म्हणाले.

संपली नव्हती. टोपात अजून बरीच होती. मी साखर घालून तो टोप बाहेर आणला आणि काकाच्या डोळ्यांदेखत बाबांचा कप काठोकाठ भरला.