एकाच जीपमधल्या दोन गर्भपिशव्या

"तुही पिशवी काढून टाक. दर महिन्याचा खाडा तरी मिटंल."

उसाच्या फडात, सगळ्या टोळीसमोर मुकादम मला हे बोलला. लुगड्याला डाग लागलेला, पोटात कळा, म्हणून मी बांधावर टेकले होते. वय बावीस. पदरी एक मुलगी. बाप्ये हसले. माझा नवराही हसला. मुकादमासमोर तो नेहमीच हसायचा.

दोन दिवसांनी मुकादम मला डॉक्टरकडे न्यायला जीप घेऊन आला. मोठा काटकसरी माणूस! त्याच्या सुनेलाही त्याच डॉक्टरला दाखवायचं होतं, मग एका खेपेत दोन्ही कामं. ती पुढच्या सीटवर, मी मागे स्टेपनीजवळ.

डॉक्टरने माझ्या पोटावर दोन बोटं दाबली. झाली तपासणी. म्हणाला, "पिशवी खराब झालीय. काढली नाही तर कॅन्सर होईल."

माझी पाचावर धारण बसली. माझ्यामागे पोरीला कोण बघणार? नर्सने अंगठ्याला शाई लावली आणि कागद आणेपर्यंत पडद्याअलीकडे बसवलं. पलीकडे सून गेली, मागोमाग मुकादम. तिलाही तसंच अंगावर जात होतं, तशाच कळा.

"या वयात पिशवीला कुणी हात लावतं का?" डॉक्टर म्हणाला. "गोळ्या देतो. पुढं लेकरं व्हायचीत तिला."

"बराबर," मुकादम म्हणाला. "खर्चा होऊ द्या, पण पिशवी जपा."

आवाजसुद्धा खाली केला नाही त्यांनी. ऊस तोडणाऱ्या बाईला कान असतात, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

भीती गेली. किळस आली. त्या डॉक्टरची, त्या मुकादमाची, दात काढणाऱ्या माझ्या नवऱ्याचीही. नर्स कागद घेऊन आली. मी शाई लुगड्याला पुसली.

"न्हाई देत अंगठा."

मुकादम पडद्याबाहेर आला. "पोरगी झालीय न्हवं? आता कशाला पायजे तुला पिशवी?"

"तुमच्या सुनेला कशाला पायजे?"

त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. डॉक्टर उगीच कागद चाळत बसला. मला तिथंच टाकून जीप गेली. मी चालत फडावर आले आणि टोळीतल्या बायांना सगळं सांगितलं, नवऱ्यासमोर सांगितलं. त्या दिवशी तो हसला नाही.

मला दुसरं मूल हवं होतं का? तेव्हा मलाच माहीत नव्हतं. होऊ द्यायचं की नाही, ते मी ठरवीन. आणि कारण विचारायला आलेल्याला कारणही सांगणार नाही.