बारदान परत धाडजो

आखाजीचा, म्हणजे आमच्याकडच्या अक्षय्य तृतीयेच्या सणाचा, तिसरा दिवस. जवळ रोख तीनशे चाळीस रुपये. पहूरच्या एसटी स्टँडवर हजर: नाना, म्हणजे माझे वडील, आई, आणि थोरला भाऊ, ज्याला घरात सगळे नुसतं भाऊच म्हणतात. मी वीस वर्षांचा होतो. जळगावला जाऊन सुरतेची पॅसेंजर धरायची होती. सामान दोनच: पत्र्याची पेटी आणि दादर ज्वारीनं भरलेला कट्टा. गाडी सुटायच्या वेळी आईनं तोंडाला पदर लावला. नाना खिडकीशी आले. आता काहीतरी मोठं सांगतील, असं मला वाटलं. ते म्हणाले, "बारदान परत धाडजो."

बारदान म्हणजे तो कट्टा, रिकामा झाल्यावरचा. आमच्याकडे खळ्यावर धान्य झालं की बाहेर राहणाऱ्याचा वाटा आधी बाजूला काढतात. तो ओळखीच्या माणसासोबत गाडीनं जातो, आणि गोणपाट परत यावं लागतं. त्याच गोणपाटात पुढचा वाटा भरतात. म्हणून ते आलं, की माल पोचला, माणूस जेवतो आहे, धड आहे, एवढं घरी कळतं. आम्हाला पत्र लिहायची सवय नव्हती आणि फोन शेजारच्या दुकानात होता.

सुरतेत मी मावसभावाच्या खोलीवर राहिलो आणि एका शेठच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, भरतकामाच्या मशीनवर लागलो. शेठ वाईट नव्हता. रोज म्हणायचा, "थई जशे", होऊन जाईल, आणि पगार चार दिवस उशिरा द्यायचा. एका पावसाळ्यात मला टायफॉइड झाला आणि बारदान पाठवायचं राहून गेलं. एका सकाळी खोलीच्या दारात भाऊ उभा. रात्रभर गाडीत उभा राहून आलेला. "कट्टा आला नही," तो म्हणाला, "म्हटलं पाहून येऊ." मला दवाखान्यात नेलं, आठवडाभर माझी भांडी घासली आणि जाताना बारदान घडी करून काखेत मारून घेऊन गेला.

अकरा वर्षं मी सुरतेत धान्य विकत घेतलं नाही. शेठची जुनी मशीन मी एक लाख दहा हजाराला घेतली, ती त्या न झालेल्या खर्चातून. आज माझ्या खात्यात चौदा मशिनी आहेत. मुलगी भाकरीला 'रोटलो' म्हणते आणि मला हिशेब गुजरातीतच सुचतो.

हे सगळं आता लिहितो आहे, कारण मागच्या मार्गशीर्षात जळगावजवळच्या एका शेतावर जे पाहिलं, त्याची किळस अजून गेलेली नाही. तुमच्यापैकी जे बाहेर पडलात, त्यांना असे फोन येत असतील. जे गावी राहिलात, त्यांचे फोटो कुणी काढायला येत असेल. दोघांनीही वाचावं.

मला फोन आला की उद्योजकांचा गौरव सोहळा आहे, जिद्द आणि संवाद या विषयावर मार्गदर्शन आहे, नंतर भरीत पार्टी. तुमची निवड झाली आहे. सहभाग शुल्क एकवीस हजार. निवड झाली तर शुल्क कशाचं, हे मी विचारलं. पलीकडून थेट पैसे कुठे भरायचे ते सांगितलं. तरी भरले, कारण भाऊ म्हणाला, "भरून टाक. नाना असते तर पहिल्या रांगेत बसले असते."

मग मार्गदर्शन करणाऱ्या सरांचा फोन.

"सर, तुमच्या स्टोरीत स्ट्रगल कमी पडतोय. प्लॅटफॉर्मवर झोपलात का कधी?"

"नाही. मावसभावाची खोली होती."

"उपाशी?"

"नाही. घरून ज्वारी येत होती."

"ज्वारी काढून टाकू. ऑडियन्स कनेक्ट होत नाही. आपण शून्यातून सुरू करू. बरं, निघताना वडील काय म्हणाले?"

मी सांगितलं. सर म्हणाले, "आपण असं घेऊ: बेटा, मागे वळून पाहू नकोस." नाना मला कधी बेटा म्हणाले नाहीत. तसं घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, "बघतो."

सोहळ्याच्या सकाळी शेतावर मांडव, भोंगे, अत्तराचा फवारा. कापसाच्या ढिगावर चढून कोट घातलेली माणसं फोटो काढत होती. वेचलेला कापूस बुटांखाली. एका सकाळी अडतीस गौरव होते. सर सगळ्यांना उभं करून ओरडायला लावत होते, "मी करू शकतो!" मी बसून राहिलो. भाऊ मात्र उठला, दोन्ही हात वर करून ओरडला. साठीचा माणूस, माझ्यासाठी.

माझी पाळी आली. पडद्यावर दोन फोटो. उजवीकडे मी, खात्यात, मशिनींपुढे. डावीकडे भाऊ, गोठ्याच्या दारात उकिडवा, अंगात फाटका सदरा. खाली लिहिलेलं: 'जो थांबला, तो संपला.' आणि माझ्या बाजूला नानांच्या नावानं: 'बेटा, मागे वळून पाहू नकोस.'

भाऊ दुसऱ्या रांगेत होता, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत. वहिनीनं वाचलं आणि मान खाली घातली. भाऊनं मला हसून खूण केली. सोहळ्याआधी त्यांच्याकडून गावी फोटो काढायला आलेल्या माणसानं त्याचा चांगला सदरा उतरवून शेतातला घालायला लावला होता. भाऊ सकाळीच मला कौतुकानं सांगत होता, की भावाचं काम म्हणून तासभर उन्हात बसलो.

मी माइक घेतला.

म्हटलं, हे वाक्य माझ्या वडिलांचं नाही. ते बारदान परत पाठव म्हणाले होते. तो डावीकडचा माणूस थांबला म्हणून मी अकरा वर्षं जेवलो. मी शून्यातून सुरू केलं नाही, पन्नास किलो ज्वारीतून केलं. जिद्द शिकायची असेल तर अकरा वर्षं दुसऱ्याचा वाटा आधी काढून ठेवणाऱ्याला विचारा. संवाद शिकायचा असेल तर एक गोणपाट आलं नाही म्हणून रात्रभर उभ्यानं सुरतेला येणाऱ्याला विचारा.

"सर, पॉझिटिव्ह राहू या," सर माझ्या कोपराला धरून म्हणाले. "वेळ झाली."

मागून जामनेरचा एक जिनिंगवाला ओरडला, "बोलू द्या ना हो त्यांले! पैसे त्यांनीबी भरले ना!" मांडव हसला. ज्यांनी पैसे भरले होते, ते हसताना एकमेकांकडे पाहत नव्हते.

मी पडदा बंद करायला लावला. गौरवाची ढाल खुर्चीवर ठेवली. टेबलावर जाऊन पैसे परत मागितले. शुल्क परत मिळत नाही, म्हणाले. पावती मागितली. तीही नव्हती. बाहेर अर्धवट खाल्लेल्या भरिताच्या ताटल्यांचा ढीग, त्यावर माश्या. आम्ही न जेवता निघालो.

गाडीत भाऊ म्हणाला, "तुले दिसलं नसतं तर बरं झालं असतं."

"तू वाचलं होतं?"

"मले वाचता येतं रे." खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "तुह्या कार्यक्रमात कायले तोंड वाकडं करू?"

घरी वहिनीनं कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला. मी भाऊला म्हटलं, अकरा वर्षांच्या ज्वारीचे पैसे घे. मी आकडा काढून आणला होता. तो ताटावरून उठला नाही, पण हात थांबला. वहिनी म्हणाली, "भाऊजी, जेवताना असं बोलू नये." मी पुन्हा बोललो नाही. निघताना भाऊनं डिकीत कट्टा ठेवला. झाकण लावलं आणि म्हणाला, "बारदान परत धाडजो."

सुरतेत माझं घर आहे, कर्ज फिटलेलं. धान्य आता मी विकत घेऊ शकतो. पण जिथं माझ्या रिकाम्या कट्ट्याची वाट पाहतात, ते घर पहूरला आहे.

एकवीस हजार गेले, ते गेले. त्या दिवसाचं खरं देणं मी माघ संपायच्या आत चुकवलं: एका रिकाम्या बारदानाचं पहूरपर्यंतचं भाडं, चाळीस रुपये, ट्रॅव्हल्सच्या क्लीनरला.