छाटलेल्या वायरी

"आवं ताई, आदी पोरीचं तोंड पुसा. दादांच्या इस्त्रीवर लाळ पडंल."

वडूजच्या भरल्या मंगल कार्यालयात दादांचा एक कार्यकर्ता हे माईकवर बोलला. माणसं हसली. मी पदराने मुलीचं तोंड पुसलं. दादांचा वाढदिवस होता. फेटे बांधून झाले होते, केक कापायचा होता. मधल्या वेळात दिव्यांग मुलांना खेळणीवाटप.

खेळणी दादांनी दिलेली, पण तयार आम्ही केलेली. आम्ही म्हणजे काही आया आणि एक मोबाईल दुरुस्तीवाला. सेलवरचं खेळणं उघडायचं, आतून वायर बाहेर काढायची, तिला मोठं बटण जोडायचं. मुलाचं जे अंग हलतं, तिथे ते बटण. कुणाच्या हनुवटीखाली, कुणाच्या टाचेखाली. माझ्या मुलीची बोटं वळत नाहीत. डावा कोपर तेवढा तिचं ऐकतो. आजवर तिची सगळी खेळणी दुसऱ्यांनीच चालवली. हे ती चालवणार होती.

दादांनी चकचकीत कागद फाडला. आत ढोलवालं माकड. बटण नाही. बुडाशी वायरचं छाटलेलं टोक.

मी कार्यकर्त्याला विचारलं.

"लोंबत हुत्या. फोटोत भंगार दिसत हुतं. आमच्या पोरांनी समद्याच छाटल्या."

समद्याच. म्हणजे रांगेतल्या प्रत्येक मुलाच्या.

दादांनी माकडाची कळ दाबली. ढोल वाजला, टाळ्या पडल्या. दादांनी कळ बंद करून माकड मुलीपुढे ठेवलं. मग मुलीने कोपर उचलला. माकडावर आपटला. पुन्हा आपटला. माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं, चुकतंय ते तिचंच.

"तिला काय कळतंय? तुमी हसा जरा," दादा म्हणाले.

तोवर मी हसतच आले होते. शाळेने नाही म्हटलं तरी, दाखल्याच्या खिडकीवर ताटकळवलं तरी. त्या दिवशी नाही हसले. माकड दादांच्या हातात ठेवलं.

"तुमच्या नातवाला द्या. त्याला बोटं हायत."

माईक चालूच होता.

नवी खेळणी बंद झाली. दादांनी आम्हाला बसायला दिलेली खोली गेली. एका आईने माझ्याशी बोलणं सोडलं. तिचंही बरोबर असेल. आता आम्ही मोडकी खेळणी मागून आणतो. मुलाच्या घरी बसून बटण लावतो. मंच नाही, फोटो नाही.

माझ्या मुलीने त्या दिवसानंतर कोपर उचललेला नाही. मी रोज तिच्यापुढे खेळण्यातली गाडी ठेवते, कोपराशी बटण. गाडी जागची हलत नाही. शेजारणी म्हणतात, तूच दाबून दाखव की.

नाही. तिचं बटण दुसरं कुणी दाबणार नाही. मीसुद्धा नाही.