पांढरी पिकअप, नंबर घेणे

तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी सहाच्या सुमारास, मूर्तिजापूरच्या अलीकडे, महामार्गाच्या कडेने सायकलवर जाणाऱ्या एका फूलविक्रेत्याला मागून वाहनाची धडक बसली. कॅरिअरवर झेंडूची दोन पोती होती. त्याचा उजवा पाय मांडीत आणि गुडघ्याखाली मोडला. दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या एका दैनिकात, पाचव्या पानाच्या तळाला तीन ओळी आल्या. अज्ञात वाहनाच्या धडकेत सायकलस्वार (५८) गंभीर जखमी, पुढील उपचारांसाठी अकोल्याला हलवले, पोलीस तपास करीत आहेत. मी त्या दैनिकात उपसंपादक होतो. त्या ओळी माझ्या होत्या.

त्यानंतर त्यांचा विचार करण्याचे कारण पडले नाही. नोकरी संपली, मी अमरावतीला राहायला आलो. गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर एका सकाळी दार वाजले. दारात पन्नाशीच्या आसपासची बाई उभी होती. फाटकापाशी ऑटो थांबला होता आणि त्यात एक माणूस बसून आमच्याकडे पाहत होता. बाईच्या हातात लॅमिनेशन केलेले कात्रण होते.

"हे तुमीच लिवलं काय?"

मी वाचले. हो म्हणालो.

"पेपरच्या हापिसात इचारलं. ते मने, ते साहेब आता अमरावतीले रायतेत." तिने कात्रणावर बोट ठेवले. "अज्ञात कावून लिवलं?"

"पोलिसांकडून मिळाली तेवढी माहिती—"

"पोलिसाईनं अज्ञात सांगतलं तुमाले?"

मला आठवत नव्हते. तसे सांगितले.

"गाडी अज्ञात नोती साहेब. आमच्या ह्याईनं रस्त्यावर पडल्या पडल्या सांगतलं, पिकअप होती, पांढरी. चहावाल्यानं आयकलं. त्यानं चौकीत सांगतलं. अज्ञात तं फक्त तुमच्या पेपरात होती."

ती जखमी फूलविक्रेत्याची बायको होती. आत बसल्यावर तिने सगळे क्रमाने सांगितले. वकिलाकडे अनेकदा सांगितल्यामुळे असेल, तिला कुठे अडखळावे लागले नाही. नवऱ्याच्या मांडीत सळई आहे. गुडघा वाकत नाही. सायकल चालवता येत नाही, वाफ्यात उकिडवे बसता येत नाही. अकोल्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात त्यांनी वेळेत अर्ज केला आहे. पिकअपचा चालक, मालक आणि विमा कंपनी असे तिघे समोर आहेत.

कायदा मला ढोबळ माहीत होता. सायकलवाल्याकडे परवाना नसतो, विमा नसतो, तरी धडक देणाऱ्या गाडीच्या विम्यातून भरपाई मागण्याचा त्याचा हक्क कमी होत नाही. त्याचे वय, कमाई आणि पाय किती गेला यावर रक्कम ठरते. गाडी सापडलीच नाही, तर मात्र सरकारी योजनेतून ठरावीक रक्कम मिळते. गंभीर जखमींना ती सारखीच असते, मग गुडघा वाकत असो किंवा नसो.

विमा कंपनीचे म्हणणे असे होते की, ही पिकअप त्या अपघातातली नाही. पुरावा म्हणून तिने माझे कात्रण जोडले होते.

"आता सांगा," बाई म्हणाली. "तुमच्या तीन वळीच्या पायी आमचं सारं अडून राह्यलं."

ऑटोतला माणूस एव्हाना पायरीपर्यंत आला होता. हा माझा भाऊ, असे बाईने सांगितले. तो बसला नाही.

"जुनी वही-बिही असंल ना साहेब," तो म्हणाला. "पाहा ना. पाहिली तं भेटते."

"पाहतो."

"आन नाई भेटली तं सांगा. आमी पुना येतो."

मी चहा विचारला. बाई नको म्हणाली. निघताना तिने विचारले, "कंपनीवाला आलता काय तुमच्याकडं?"

"नाही."

"येईन तो."

ती गेल्यावर मी कागद घेऊन तिने सांगितलेल्या गोष्टी उतरवल्या. गुन्हा नोंदवला गेला तो अपघातानंतर नवव्या दिवशी. नवरा शस्त्रक्रियेत, बायको वॉर्डाबाहेर, पोलीस म्हणाले जबाब द्यायला माणूस शुद्धीवर येऊ द्या, हे तिचे कारण. पिकअपचा नंबर पोलिसांनी शोधला नाही. बाईच्या भावाने मूर्तिजापुरातली गॅरेज फिरून, डावा दिवा फुटलेली पांढरी पिकअप शोधली. पिकअपचा मालक त्यांच्या गावापासून चार किलोमीटरवर राहतो. त्याने अपघात कबूल केला. चहाची टपरी रस्ता रुंदीकरणात गेली आणि टपरीवाला सुरतला. चौकीच्या डायरीत फक्त 'वाहनाने धडक दिली' एवढेच आहे. ज्या हवालदाराने डायरी लिहिली त्याची बदली झाली, आणि त्याला काही आठवत नाही.

वार्तांकनाच्या दिवसांत असे अर्ज मी पाहिले होते. अपघात खरा, पाय खरा, धडक देणारी गाडी पळालेली. मग कुणीतरी मध्ये पडतो आणि विमा चालू असलेली ओळखीची गाडी पुढे आणतो. मालक कबूल करतो, कारण पैसे त्याला भरायचे नसतात. बाईने सांगितलेली प्रत्येक गोष्ट खऱ्या दाव्याला बसत होती. आणि प्रत्येक गोष्ट या दुसऱ्या प्रकारालाही तितकीच बसत होती. ऑटोतला माणूस तिचा भाऊ आहे, हेही मला तिच्याच तोंडून कळले होते.

चौथ्या दिवशी फोन आला. बोलणाऱ्याने विमा कंपनीसाठी चौकशीचे काम करतो असे सांगितले. नाव विचारल्यावर आडनावच सांगितले.

"सर, तुम्हाला त्रास द्यायचा नाही. कोर्टाने बोलावलंच तर छापलं ते छापलं, एवढंच म्हणा. जास्त खोलात जायचं कारण नाही. जुन्या वह्या वगैरे आजकाल कोण ठेवतं?"

वह्यांचा विषय मी काढला नव्हता. बाई आणि तिचा भाऊ सोडून त्याबद्दल कुणाशी बोललोही नव्हतो.

त्याच दुपारी मी कपाटावरच्या दोन पत्र्याच्या पेट्या उतरवल्या. डेस्कवर बसणारे बहुतेक जण वह्या ठेवत नाहीत. मी ठेवत असे, कारण एकदा खुलासा छापावा लागला होता. प्रत्येक वहीच्या पुठ्ठ्यावर महिना लिहिलेला असतो. फेब्रुवारीची वही दुसऱ्या पेटीत सापडली.

त्या मंगळवारच्या पानावर निळ्या शाईत नोंद होती: 'मूर्तिजापूर. सायकल. फुलं. ५२ की ५८? उजवा पाय. अकोल्याला.' त्याखाली हिरव्या शाईत एक ओळ होती: 'पांढरी पिकअप, नंबर घेणे.'

अक्षर माझेच होते. लिहिल्याचे आठवत नव्हते.

डेस्कचा नियम साधा होता. नंबर हाती नसेल तर वाहन अज्ञात. नुसते पिकअप लिहिले की दुसऱ्या दिवशी कुणाची पिकअप म्हणून दहा फोन येत, आणि मग ती पिकअप नसून टेम्पो होता असे निघे. म्हणून रंग, जात काहीही कळलेले असले तरी आम्ही ते गाळायचो. दुपारी चौकीतून फोनवर डायरी वाचून दाखवत, हवालदार डायरीबाहेरचेही दोन शब्द सांगत, आम्ही उतरवून घ्यायचो आणि पानावर जागा असेल तेवढे लिहायचो. पाचव्या पानाच्या तळाला त्या दिवशी तीन ओळींची जागा होती.

पण माझी आणखी एक सवय होती. एखाद्या बातमीबद्दल नंतर काही कळले, तर ते मी मूळ पानावर जाऊन लिहून ठेवायचो. नवव्या दिवशी गुन्हा दाखल झाल्यावर चौकीतून कुणी पिकअपचा उल्लेख केला असेल आणि मी मागे जाऊन ही ओळ लिहिली असेल, हे शक्य होते. मग ती ओळ पहिल्या दिवसाची उरत नव्हती. मग ती बाईच्या भावाने शोधलेल्या पिकअपचाच पडसाद होती, आणि विमा कंपनी म्हणत होती ते बरोबर होते.

दोन दिवस ते पान मी वेगवेगळ्या उजेडात पाहिले. हिरवे पेन माझे नव्हते. पानप्रमुख हिरव्या शाईने दुरुस्त्या करत. माझे पेन अडले की मी त्यांचे उचलायचो. त्या ओळीच्या खाली त्याच दिवसाची पुढची बातमी होती, जलवाहिनी फुटल्याने शहरात दोन दिवस पाणी बंद. तिच्या पहिल्या दोन ओळी हिरव्या होत्या, पुढचे निळे. अकोल्याला जाऊन दैनिकाची बांधीव फाइल पाहिली. पाण्याची बातमी बुधवारच्या अंकातच होती, सायकलस्वाराच्या तीन ओळींच्या वरच्या बाजूला. म्हणजे मंगळवारी दुपारी हिरवे पेन माझ्या हातात होते. पिकअपची ओळ समासात कोंबलेली नव्हती. ती आखीव ओळीवर होती, आणि पाण्याची बातमी तिच्यानंतर नेहमीची एक ओळ सोडून सुरू होत होती.

हे मी कुणाला कळवले नाही. जानेवारीत अर्जदाराच्या वकिलांच्या मागणीवरून साक्षीचे समन्स आले. वही बरोबर आणावी, असे त्यात होते.

अकोल्याच्या न्यायालयाच्या व्हरांड्यात फूलविक्रेता बाकावर एक पाय सरळ समोर ठेवून बसला होता. येणारे-जाणारे तो पाय ओलांडून जात होते. त्याला मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्याने मला ओळखले, म्हणजे बायकोने दाखवले.

"साहेब, माह्यं वय पन चुकवलं तुमी," तो म्हणाला. "बावन्न होतं, अठ्ठावन केलं. सहा वर्सं माहे तुमीच खाल्ले."

"आधार कार्ड लावलं ना?"

"लावलं. मंग तो वकील मने, पेपरात तं अठ्ठावन हाय." तो हसला. "मले वाटलं, पेपरवाल्याईले माह्या मायपेक्षा जास्त मालूम हाय."

बायको हसली नाही. माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहत होती. तिने वही आहे का असे विचारले नाही.

साक्ष पाऊण तास चालली. विमा कंपनीच्या वकिलांनी वही हातात घेऊन पान पाहिले.

"नोंद निळी, ही ओळ हिरवी. बरोबर?"

"हो."

"नंतर कळलेली माहिती मागच्या पानावर लिहायची तुमची सवय आहे?"

"हो."

"अर्जदाराकडचं कुणी तुमच्या घरी आलं होतं?"

"त्यांची पत्नी. आणि स्वतःला पत्नीचा भाऊ म्हणवणारे एक गृहस्थ."

"वही शोधा असं कुणी सांगितलं?"

"त्या गृहस्थांनी."

"त्याआधी तुम्ही वही शोधली होती?"

"नाही."

"त्यांनी सांगितलं, तुम्ही शोधली, आणि सापडली."

"हो."

वकिलांनी वही टेबलावर ठेवली. मग मी पाण्याच्या बातमीबद्दल सांगितले. न्यायाधीशांनी वही मागून घेतली आणि खिडकीकडे धरून पाहिली. अर्जदाराच्या वकिलांनी उठून, विमा कंपनीकडून मला कुणाचा फोन आला होता का, असे विचारले. आला होता, म्हणालो. काय म्हणाले?

"जुन्या वह्या आजकाल कोण ठेवतं, असं म्हणाले."

मागच्या बाकावर कुणीतरी हसले. विमा कंपनीच्या वकिलांनी हरकत घेतली. न्यायाधीशांनी वही खाली ठेवली नव्हती.

"नंबर घेणे, म्हणजे काय?"

"चौकीत पुन्हा फोन करून गाडीचा नंबर विचारायचा."

"विचारला?"

"नाही."

"का?"

"जागा तीन ओळींची होती."

ते तसेच टंकून घेण्यात आले. मी वाचून सही केली. वही न्यायालयाने ठेवून घेतली आणि तिची पावती दिली.

व्हरांड्यात बाई उभी होती. तिने आतले सगळे ऐकले होते.

"एक फोन लागत होता काय, साहेब?"

"हो."

"चहावाला तवा टपरीवर होता."

मी वहीची पावती पिशवीत ठेवून जिन्याकडे निघालो. तिचा भाऊ जिन्याजवळ मोबाइलवर कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होता. मी जवळून गेलो तेव्हा त्याने बोलणे थांबवले.

मे महिन्यात निकाल लागला. वकिलांकडून त्याची प्रत मी मागवून वाचली. धडक त्याच पांढऱ्या पिकअपची होती, असे न्यायाधिकरणाने मान्य केले आहे. त्यासाठी गॅरेजमालकाची साक्ष, सायकलच्या मागच्या चाकाजवळचा पांढरा रंग आणि वहीतले पान, हे तीन आधार दिले आहेत. सायकलला मागे रिफ्लेक्टर नव्हता म्हणून सायकलस्वाराचाही दोष धरावा, ही विमा कंपनीची मागणी फेटाळली आहे. वय बावन्न धरले आहे. बाईच्या भावाचा उल्लेख 'अर्जदाराचा मेहुणा' असा आहे. वह्यांबद्दल मला फोन करणारा कोण होता, याचा निकालात उल्लेख नाही.

विमा कंपनीने उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात अपील केले आहे. भरपाई देण्यास तूर्त स्थगिती आहे. अपिलातला पहिला मुद्दा वहीतल्या हिरव्या शाईच्या ओळीबद्दल आहे.