अंगाला लागणारं खाणं

लग्न होऊन मी निपाणीजवळच्या गावात आले तेव्हा सासरी तीस-पस्तीस मेंढरं होती. नर कोकरं पोसून तयार केली की बेळगावच्या लष्करी कॅम्पाला मटण पुरवणारा व्यापारी येऊन ती घेऊन जाई. दुसरी मोठी लढाई सुरू झाली तशा त्याच्या खेपा वाढल्या.

जे जास्त खाईल ते लवकर वाढेल, असं सासऱ्यांचं ठाम मत. दूध तुटलेल्या कोकरांपुढं ते शेंगपेंड आणि भरडलेला हुलगा एकत्रच ओतत. त्यांत पांढऱ्या तोंडाचं एक दांडगं कोकरू होतं. ते बाकीच्यांना ढुशा देऊन निम्मं एकटंच फस्त करी. मामंजींचा जीव त्याच्यावर.

लेंड्या झाडायचं काम माझ्याकडं होतं, त्यामुळं मला रोज दिसायचं. एक काळं कोकरू मागं उभं राहून उरलंसुरलं खाई, तरी त्याची पाठ भरत चालली होती. हात फिरवला तर कण्याचं हाड लागत नव्हतं. जेवण वाढताना मी ते बोलून दाखवलं.

"मामंजी, काळं कमी खातंय, पण खाल्लेलं त्याच्या अंगाला लागतंय."

"डोळं फसवत्यात, पोरी. मेंढरांत माझा जलम गेलाय."

ते रागावले नाहीत, पण विषय त्यांनी तिथंच संपवला. मी मात्र चौथीपर्यंत शिकलेली होते आणि मोजून बघितल्याशिवाय मला चैन पडत नसे. दांडग्याला आणि काळ्याला वेगवेगळं बांधलं. खाणं मापट्यानं मोजून घालायचं, उरेल ते परत मोजायचं. दर बाजारच्या दिवशी तंबाखू तोलायच्या काट्याला पोत्याची झोळी अडकवून नवरा वजन करून देई. दुसऱ्या खेपेला दांडग्याचं वजन एकदम वाढलेलं दिसलं. मग लक्षात आलं, ते नुकतंच पाणी पिऊन आलं होतं. तेव्हापासून सकाळी, चारा-पाण्याच्या आधी तोलायचं ठरवलं.

दोन महिन्यांत दोघं जवळजवळ सारखीच वाढली. पण दांडग्याला चार मापटी लागत, तिथं काळ्याचं तिनात भागत होतं. मी मामंजींना तसं सांगितलं. दुसऱ्या सकाळी उठून बघते तर तेच काळ्याला झोळीत घालत होते.

व्यापारी आला. त्यानं सगळ्या कोकरांच्या पाठी चाचपल्या आणि काळ्याशी थांबला.

"हे द्या, आप्पा."

"ते न्हाय. ते कळपाला पैदाशीसाठी ठेवलंय," मामंजी म्हणाले. "दांडगं न्या."

मी दाराआड उभी होते. मला आनंद झाला, आणि दांडगं गेलं म्हणून थोडं वाईटही वाटलं. त्याला दोन महिने मीच खाऊ घातलं होतं.

पुढच्या वर्षी काळ्याची कोकरं झाली. सगळीच त्याच्यावर गेली नाहीत, दोन-तीन खादाड निघाली. पण बाकीची तेवढ्याच पेंडीत आधीच्या कोकरांपेक्षा लवकर तयार झाली. ही गोष्ट संकेश्वरापर्यंत गेली. तिकडचे तिघं शेतकरी आपली कोकरं घेऊनच आले. मामंजी त्यांना म्हणाले, "सूनबाईला इचारा. ती सांगंल कुठलं ठेवायचं."

मी पदर सावरून बाहेर आले आणि म्हणाले, "आज नुसतं बघून सांगायची न्हाय. दोन महिनं मोजून घाला, मोजून तोला, मग या."

दोन महिन्यांनी तिघांतले दोघं आपापली मापं घेऊन परत आले.