घट्ट झाकण

मलमवाल्यांचा आपल्या मलमावर जेवढा विश्वास होता, तेवढा एखाद्या डॉक्टरचाही औषधावर नसेल. घरामागच्या खोलीत मलम शिजवायचा, निवला की काचेच्या डब्यांत भरायचा आणि झाकणं स्वतः आवळायची, हा त्यांचा तीस वर्षांचा शिरस्ता. तरुणपणी गोदामात पोती उचललेली, त्यामुळे पंजा पक्कडीसारखा. झाकण आवळलं की डबी उलटी करून टेबलावर दणकन आपटायची. थेंबही सांडला नाही की बायकोकडे बघून म्हणायचे, "याला म्हणतात माल!"

मलम सांधेदुखीचा होता, हे इथेच सांगून ठेवलेलं बरं.

माल पक्का असूनही खप घसरत चालला होता. दोन दुकानांनी डब्या ठेवणं बंद केलं. उरलेल्या एकमेव औषधवाल्याने सांगून टाकलं, "मलमवाले, महिनाभर बघतो. नाही उचलल्या गेल्या, तर हा कप्पा दुसऱ्याला देतो."

वस्तू दिसण्यावर खपते, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. आधीच चार लेबलं बदलून झाली होती. हिरवं झालं, निळं झालं, मग सोनेरी काठाचं. त्यानंतर स्वतःचा मिशीवाला फोटो.

"अहो, मलम लावल्यावर असं दिसायला लागतं, असं वाटेल लोकांना," बायको म्हणाली. फोटो गेला. आता गुडघ्यातून वीज बाहेर पडतेय, असं पाचवं लेबल आलं. छापखानेवाल्याचं बरं चाललं होतं.

त्या रविवारी नवी डबी घेऊन ते दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या थोरल्या बहिणीकडे, आक्काकडे गेले. तिच्या फळीवर त्यांच्या डब्या ओळीने मांडलेल्या. हिरवी, निळी, सोनेरी, मिशीवाली. मलमवाल्यांची छाती फुगली. त्यांनी एक उचलली. भरलेली. दुसरीही भरलेली. आणि आक्काच्या उशीशी मात्र परक्या कंपनीची ट्यूब, पार शेवटपर्यंत पिळून काढलेली.

"आक्का, सख्ख्या भावाचा मलम सोडून हे?"

आक्काने आधी चहाचा विषय काढून पाहिला. मग म्हणाली, "अरे, ते झाकण मला उघडता आलं असतं, तर मलम कशाला लागला असता?"

"काहीतरीच! दे इकडे." त्यांनी झाकणाला हात घातला. झाकण हलेना. फडकं घेतलं, कोपर टेकवलं, चेहरा लाल झाला. त्यांनीच आवळलेलं झाकण त्यांनाच दाद देईना. घरी डबी उघडायची वेळच कधी आली नव्हती. ज्याला दुखेल तो सरळ पातेल्यात बोट बुडवायचा.

आक्काने डबी त्यांच्या हातातून घेतली. तेव्हा त्यांनी तिची बोटं नीट पाहिली. पेरांवर सूज, दोन वाकडी झालेली. याच बोटांनी तिने त्यांना बुटाची नाडी बांधायला शिकवलं होतं.

"मग बोलली का नाहीस इतकी वर्षं?"

"तू किती कौतुकाने आपटून दाखवायचास रे!"

दुसऱ्या दिवशी ते झाकणं बनवणाऱ्याकडे गेले, आक्काला सोबत घेऊन. तिने सहा नमुने बाजूला सारले. सातवं रुंद होतं, तळव्याने दाबलं की टप्पकन उघडणारं. तेच ठरलं.

महिना भरायच्या आत औषधवाल्याचा कप्पा रिकामा झाला. "विजेचं लेबल चाललं बरं का!" तो म्हणाला. मलमवाल्यांनी वाद घातला नाही.

नव्या झाकणाची पहिली डबी मात्र दुकानात गेली नव्हती, आक्काकडे गेली होती. तिने तळवा ठेवला, झाकण उघडलं, बोटांना मलम चोळला आणि चहा करून आणला. आता झाकणाचं कौतुक होणार म्हणून मलमवाले वाट बघत होते.

आक्काने हळूच मूठ मिटून पाहिली. "अगोबाई," ती म्हणाली, "गुण आहे की रे तुझ्या मलमाला!"