आबांचा विळा

गाठ सोडून कॅन्सर शरीरात दुसरीकडे कसा जातो, हाच माझ्या संशोधनाचा विषय. पुण्याच्या प्रयोगशाळेत मी दिवसभर उंदरांच्या फुप्फुसांचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. आणि घरी, रावेरजवळच्या आमच्या गावात, आईच्या छातीत गाठ होती. नव्वद-एक्याण्णवची गोष्ट. आठवलं की अजून डोकं फिरतं माझं.

जळगावच्या डॉक्टरांनी सुईने तुकडा काढून तपासायला सांगितलं होतं. वडील गेल्यापासून घरात शब्द चालायचा तो आबांचा, म्हणजे माझ्या थोरल्या काकांचा. ते म्हणाले, "गाठीले लोखंड लागलं का बठ्ठ्या आंगात पसरीन." सुई लागली की गाठ सगळ्या अंगात पसरणार, हे अडाण्याचं बोलणं नव्हतं, तीच तर पंचाईत होती. जन्मभर केळी पिकवलेला माणूस. रोगट झाडाला लावलेला विळा चांगल्या झाडाला लागला की रोग पुढे जातो, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. त्यांच्या बागेत विळा औषधात बुडवल्याशिवाय पुढच्या झाडाला लागत नसे.

ओसरीवर सगळ्यांसमोर त्यांनी मला विचारलं, की सुईने एक कणसुद्धा सुटत नाही असं तू छातीवर हात ठेवून सांगशील का. आणि मी, दीडशहाणी, खरं बोलायला गेले! म्हटलं, एखादी पेशी सुटूही शकते, पण अशी सुटलेली पेशी बहुतेक मरते. गाठ तशीच ठेवली तर मात्र ती रोजच पेशी सोडत राहते. पुढचं कोणी ऐकलंच नाही. पोरगी स्वतःच म्हणते सुईने पसरतं, असं आत्या तेवढ्यात सगळ्या गल्लीला सांगून आली. प्रयोगशाळेत माझ्या ज्या काटेकोरपणाचं कौतुक व्हायचं, त्यानेच घरी माती खाल्ली. एकदा धडधडीत खोटं बोलले असते तर काय बिघडलं असतं?

मग मी आकांडतांडव केलं. रोगट केळ दिसली की कंदासकट खणून बांधाबाहेर फेकता, मग ही गाठच का ठेवता, असं आबांना तोंडावर विचारलं. त्यांनी पायताण घातलं आणि बागेत निघून गेले. आईला विचारलं तर ती म्हणाली, आबा म्हणतील तसं. जीव तिचा, आणि त्याचा निर्णय तिला स्वतःचा वाटतच नव्हता. मला सगळ्यांत जास्त राग तिचाच आला.

वर्षभर लेप आणि पुड्या चालल्या. आईला धाप लागायला लागली तेव्हा आबांनीच तिला जळगावला नेलं. मीही पोचले. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. दोन्ही फुप्फुसांत पांढरे ठिपके होते. उंदरांच्या फुप्फुसांत मी असलेच ठिपके मोजायचे.

आबांनी जवळ जाऊन ते ठिपके पाहिले. मग मला म्हणाले, "तू तं शिकेल आहे. कसं पसरलं व हे?"

"लोखंड तर लागलंच नव्हतं, आबा," मी म्हणाले.

बाकावर बसलेली आई धापा टाकत मलाच रागावली, मोठ्यांशी असं बोलतात का म्हणून.